परदेशातील दिनसहल : पारखून घ्यावयाचा एक व्यवहार

शिरूर आणि दौंड या दोन्ही पेठांत भाऊबीज आटोपल्यानंतरचे पंधरा दिवस आणि मे महिना हा प्रवासाचा काळ. पूर्वी या दिवसांत कुटुंबे शिखरजी, पालिताणा, राणकपूर येथे किंवा गुरुदर्शनासाठी एखाद्या चातुर्मासस्थळी निघत. ती वाट आजही चालू आहे; तिच्या जोडीला दुबई, बँकॉक, सिंगापूर आणि लंडन आले आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे परिसरात पैसा खेळता झाला, मुले शिकून बाहेरदेशी गेली, आणि ज्या घरांत पूर्वी पुण्याला जाणे हेही काम काढून जाणे असे, त्या घरांत आता आजींचाही पासपोर्ट तयार असतो.

परत आल्यावर दुकानात, स्थानकात, लग्नघरी चौकशी होते. पुष्कळदा उत्तर येते, “सगळे उत्तम झाले, तो एक दिवस सोडला तर.” तो एक दिवस म्हणजे गाईडबरोबर बसमधून काढलेली दिनसहल. पहाटे हॉटेलच्या दारातून उचलणारी, दोन-तीन नामांकित ठिकाणे दाखवून रात्री परत आणून सोडणारी. छायाचित्रे मिळतात, पाय दुखतात, पोट रिकामे राहते, आणि नेमके काय पाहिले हे सांगता येत नाही. वाक्य तेथेच संपते. ऐकणारा पुढे विचारीत नाही, सांगणारा पुढे सांगत नाही, आणि पुढच्या सुट्टीत त्याच गल्लीतले दुसरे कुटुंब तीच सहल घेते.

व्यापारी घरात हे घडावे याचे विशेष वाटते. गव्हाचे पोते घेताना बंबी मारून दाणे तळहातावर घेतल्याशिवाय सौदा न करणारा, कापडाचा ताणा-बाणा बोटांनी चाचपणारा माणूस परदेशातील एका दिवसासाठी माणशी काही हजार रुपये एका रंगीत पत्रकावर विश्वासून मोजतो. दिनसहल हीदेखील विकत घेतलेली वस्तू आहे. तिला माप आहे, भाव आहे, प्रत आहे. ते पाहण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

पहिली दिनसहल आणि तिचा आयोजक

गाईडसह काढलेल्या सहलीचा इतिहास ज्या प्रसंगापासून सांगितला जातो, तो आपल्या समाजाला जवळचा वाटावा असा आहे. इंग्लंडमधील थॉमस कुक हा लाकूडकाम करणारा, धर्मनिष्ठ आणि मद्यपानविरोधी चळवळीतला माणूस. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर ते लफबरो अशी खास आगगाडी ठरवून सुमारे पाचशे लोकांना दारूबंदीच्या मेळाव्यास नेले आणि परत आणले. जाण्यायेण्याचे मिळून एक शिलिंग. अंतर अठरा-एकोणीस किलोमीटरचे. व्यसनमुक्तीच्या कामासाठी निघालेली ही एका दिवसाची सहल पुढे जगभर पसरलेल्या सहलव्यवसायाची सुरुवात ठरली.

१८४५ मध्ये कुकने लिव्हरपूलची सहल नफ्यासाठी काढली, तेव्हा माणसे नेण्याआधी तो स्वतः त्या मार्गावरून फिरून आला. उतरावयाच्या जागा पाहिल्या, व्यवस्था ठरविली आणि प्रवाशांच्या हाती देण्यासाठी माहितीची पुस्तिका छापली. आपण जे विकतो ते आधी आपण डोळ्यांनी पाहिलेले असावे, हा त्या व्यवसायाचा पहिला नियम होता.

त्याच नावाच्या ब्रिटिश कंपनीने २३ सप्टेंबर २०१९ रोजी दिवाळे काढले. सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी त्या दिवशी परदेशांत होते; त्यांना घरी आणण्याची जबाबदारी तेथील शासनयंत्रणेला घ्यावी लागली. भारतातील त्या नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झालेली असल्यामुळे तिला झळ लागली नाही. जुने नाव ही हमी असते, हा समज मात्र त्या दिवशी मोडला.

आज तालुक्याच्या गावी नोंदविलेली सहल प्रत्यक्ष घडवून आणणारा कोण, हे शोधू गेल्यास साखळी लांबच लांब निघते. गावातील एजंट पुण्यातील कंपनीकडे नोंद करतो, ती मुंबईच्या घाऊक विक्रेत्याकडे, तो परदेशातील स्थानिक व्यवस्थापकाकडे, आणि तो बसमालकाकडे व गाईडकडे. आडत-दलालीच्या धंद्यात वावरलेल्यांना ही रचना परकी नाही. परंतु धान्याच्या साखळीत माल दर टप्प्यावर डोळ्यांना दिसतो. येथे विकणाऱ्या चौघांपैकी एकानेही ती सहल केलेली नसण्याचा संभव असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच असावा, “आपण स्वतः, किंवा आपल्याकडून गेलेल्या कोणी, ही सहल केली आहे काय? त्यांच्याशी बोलता येईल काय?”

वेळेचा हिशेब

लंडनहून निघणाऱ्या एका लोकप्रिय दिनसहलीचे उदाहरण घ्यावे. विंडसरचा किल्ला, स्टोनहेंजची प्राचीन शिळावर्तुळे आणि बाथ येथील रोमन स्नानगृहे, तिन्ही एका दिवसात. पत्रकावर तीन सुंदर चित्रे असतात. आता नकाशा उघडावा. लंडन ते स्टोनहेंज सुमारे १४० किलोमीटर, तेथून बाथ पन्नास-साठ, बाथहून लंडन सुमारे १८५. वाटेवरचे विंडसर धरून फेरा ४०० किलोमीटरच्या घरात जातो. दौंडहून सोलापूर गाठून त्याच दिवशी परत येण्याएवढा हा प्रवास आहे.

अकरा तासांच्या सहलीतून बसचे सहा तास वजा करावेत. उरलेल्या पाच तासांतून माणसे चढण्या-उतरण्याचा, स्वच्छतागृहाच्या रांगेचा आणि उशिरा येणाऱ्या एखाद्या जोडप्याची वाट पाहण्याचा वेळ वजा करावा. प्रत्येक ठिकाणी सवा तास हाती लागला तरी पुष्कळ. स्टोनहेंजला बस थांबते ते अभ्यागत केंद्र शिळांपासून दोन किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथून दुसऱ्या लहान बसने किंवा पायी जावे लागते. नेहमीच्या तिकिटावर शिळांच्या वर्तुळात प्रवेश नसतो, दोरीच्या बाहेरून प्रदक्षिणा घालावी लागते. बाथच्या रोमन कुंडात स्नान करता येत नाही; ते संग्रहालय आहे. यात कोणाची फसवणूक नाही, सर्व माहिती उघड आहे. पण ती आधी कोणी सांगितली नाही म्हणजे प्रवाशाला फसल्यासारखे वाटते.

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखची गोष्ट निराळी. समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकापर्यंत १९१२ पासून आगगाडी जाते. तेथील तिकीट महाग आहे आणि ढग आले तर समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. ढगांसाठी पैसे परत मिळत नाहीत. मात्र शिखरावरचे थेट चित्र कॅमेऱ्याद्वारे इंटरनेटवर पाहता येते. स्वतंत्रपणे जाणारा प्रवासी सकाळी ते पाहून बेत बदलू शकतो. गटाबरोबर बांधला गेलेला प्रवासी बदलू शकत नाही. दिनसहल घेताना दगदग वाचते, पण निर्णयाचा अधिकारही हातचा जातो. या अदलाबदलीची किंमत आधीच ठरवलेली बरी.

स्वस्ताईची वसुली

पूर्वेकडील देशांत अडचण वेगळी असते. बँकॉकहून दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार आणि मेक्लाँगचा रेल्वेमार्गावरचा बाजार पाहण्याची सहल फार चालते. तरंगता बाजार बँकॉकपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. मेक्लाँगला रुळांवर भाजीविक्रेते बसलेले असतात आणि गाडी आली की क्षणार्धात छपरे आवरून घेतात. हे दृश्य दिवसातून मोजक्याच वेळा दिसते. बस अर्धा तास उशिरा पोचली, तर उरतात ते नुसते रूळ आणि भाज्या. आणि उशीर होण्याचे कारण बहुधा वाटेवरच्या दुकानात असते. रत्नांचे दालन, चामड्याच्या वस्तू, मध, रेशीम असे थांबे पत्रकात एक तर नसतात, नाही तर “स्थानिक कारागिरीचे दर्शन” अशा गोड शब्दांत असतात.

येथे व्यापाऱ्याचे साधे गणित उपयोगी पडते. समजा, दिवसाचा दर माणशी दीड हजार रुपये आहे. त्यातून बस, इंधन, चालक, गाईड, नौका, जेवण आणि मधल्या तिघांची दलाली भागवावयाची आहे. एवढ्यात भागत नाही हे कोणालाही कळेल. पडत्या भावाने माल विकणारा ती तूट दुसरीकडून भरून काढतो. येथे ती दुकानाच्या कमिशनमधून भरून निघते. प्रवासी तेव्हा ग्राहक राहत नाही, दुकानापर्यंत पोचविलेला माल होतो.

ही पद्धत एवढी फोफावली की सरकारांना त्यात पडावे लागले. १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या चीनच्या पर्यटन कायद्याने अवाजवी कमी दरात सहली काढून सक्तीच्या खरेदीतून पैसा वसूल करण्यास मनाई केली. थायलंडने २०१६ मध्ये ‘शून्य डॉलर सहली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धंद्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली. त्या देशात गाईडला परवाना लागतो आणि तो व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखीव आहे. प्रवाशांच्या तक्रारींसाठी पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे. बरोबर आलेला भारतीय टूर मॅनेजर आणि तेथला परवानाधारक गाईड हे दोघे वेगळे, हेही ध्यानात असावे. खडे-मोती पारखणाऱ्या घरांतील माणसांनीसुद्धा अशा थांब्यावर, वितळत्या वेळेच्या आणि विक्रेत्याच्या आग्रहाच्या दडपणाखाली खरेदी करू नये. परत आल्यावर त्या खड्याची किंमत आपल्याच सराफाकडून ऐकणे क्लेशकारक ठरते.

सूर्यास्त आणि शिदोरी

वेळ आणि पैसा यांचे नुकसान सोसता येते. आपल्या घरांत खरी झळ पोचते ती आहाराच्या ठिकाणी, आणि ती बहुधा घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला.

उदाहरणापुरते एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घोडनदीच्या पेठेत किराण्याचे दुकान, मुलगा, सून आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यास, लंडनची सहल. सासूबाईंचा चाळीस वर्षांचा चौविहार आहे. एजंटाला “जैन जेवण हवे” असे सांगितलेले आहे आणि त्याने “काळजी करू नका” म्हटलेले आहे. दिनसहलीच्या बसमध्ये दुपारी हाती येतो शाकाहारी डबा. त्यात कांद्याचा सँडविच आणि बटाट्याचे वेफर्स. सून पर्समधून खाखरा काढून देते. तेवढ्यावर दुपार निभते. चार वाजता बाथच्या वाहनतळावर जमावयाचे असते. सर्वजण येईपर्यंत अंधारून येते. नोव्हेंबरच्या मध्यास लंडन-बाथच्या बाजूला सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. हे कोणी पाहिलेले नसते. शिरूरच्या सवयीने सहा वाजेपर्यंत वेळ आहे असे धरलेले असते. सासूबाई घोटभर पाणी घेतात आणि पच्चक्खाण करतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सव्वासातच्या पुढे, त्यावर नवकारशीच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची भर. म्हणजे सुमारे सोळा तास अन्नपाण्याविना, तेही पाऊण दिवस बसमध्ये हेलकावे खाल्ल्यावर. मुलगा रात्री विचारतो तेव्हा त्या म्हणतात, “मला भूकच नव्हती रे.” सुनेला खरे ठाऊक असते. दोघे त्या रात्री एकमेकांशी बोलत नाहीत.

नियम पाळणारी व्यक्ती कुरकुर करीत नाही, आणि म्हणूनच तिची सोय पाहणे हे बरोबरच्यांचे काम आहे. त्यासाठी लागणारी माहिती फार थोडी आहे.

पहिली गोष्ट, जेथे जावयाचे तेथील त्या तारखेचा सूर्योदय आणि सूर्यास्त आधी लिहून घ्यावा. लंडनला जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, डिसेंबरच्या उत्तरार्धात चारच्या आत. एकाच शहरात ऋतूप्रमाणे पाच तासांहून अधिक फरक पडतो. चौविहार करणाऱ्यांनी उत्तर युरोपात हिवाळ्यातील दिनसहल शक्यतो टाळावी, अथवा दुपारी तीनपर्यंत दुसरे भोजन होईल अशीच घ्यावी. बँकॉक-सिंगापूरकडे वर्षभर सूर्यास्त साधारण पावणेसहा ते साडेसातच्या दरम्यान असल्यामुळे ही अडचण तितकी येत नाही.

दुसरी गोष्ट, “जैन जेवण” हे दोन शब्द परदेशात पुरेसे नाहीत. काय चालत नाही ते नावानिशी लिहून द्यावे. अंडे, मासा, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले, मध. थायलंडमध्ये भाजीतसुद्धा माशांपासून केलेला रस्सा सर्रास घालतात. तेथे ‘जे’ नावाचा एक आहारप्रकार आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसतो. त्यात प्राणिजन्य काही नसते, तसेच कांदा-लसूणही नसतो. मात्र बटाटा, गाजर, मुळा चालतात. ते वेगळे सांगावे लागते. विमानात जैन भोजनासाठी व्हीजेएमएल ही स्वतंत्र संज्ञा आहे. ती तिकिटावर नोंदली गेल्याचे निघण्याआधी दोन दिवस तपासावे. केवळ “शाकाहारी” लिहिल्यास भलतेच ताट समोर येऊ शकते.

तिसरी गोष्ट, दिनसहलीच्या दिवशी स्वतःची पूर्ण शिदोरी बरोबर असावी. खाखरे, ठेपले, मेथीची पुरी, सुका मेवा, भाजलेले चणे. दुपारचे जेवण सहलीत धरलेले असले तरी ते आहे असे धरून चालू नये. बसमध्ये खाण्यास परवानगी आहे की नाही, हेही विचारावे. पुष्कळ बसमध्ये ती नसते.

पत्रकाची भाषा

बँकेच्या कर्जपत्रकाप्रमाणे सहलीच्या पत्रकातही प्रत्येक शब्दाला अर्थ असतो. “पाहणे” म्हणजे आत जाणे नव्हे. “फोटो स्टॉप” म्हणजे बसमधून उतरून दहा-पंधरा मिनिटे बाहेरून पाहणे. “पॅनोरॅमिक टूर” किंवा “ड्राइव्ह पास्ट” म्हणजे बसमधून उतरायचेच नाही. “प्रवेशशुल्कासह” असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर प्रवेश धरलेला नाही असेच समजावे. आयफेल टॉवरला दुसऱ्या मजल्यापर्यंतचे आणि शिखरापर्यंतचे तिकीट वेगळे असते. कोणते दिले आहे ते विचारावे. “हवामान व स्थानिक परिस्थितीनुसार बदल” या ओळीच्या आधारे काय काय बदलता येते, आणि बदलल्यास रक्कम परत मिळते की नाही, याचे उत्तर लेखी घ्यावे.

नोंदणीपूर्वी पुढील प्रश्न व्हॉट्सअॅपवर वा ईमेलवर विचारून उत्तरे जपून ठेवावीत. बसमध्ये एकूण किती माणसे? प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती मिनिटे? गाईड कोणत्या भाषेत बोलणार, आणि तो स्वतंत्र आहे की चालकच गाईडचे काम करणार? खरेदीचे थांबे किती? ज्येष्ठांना किती चालावे लागेल, पायऱ्या किती? परत येण्याची वेळ कोणती? यांपैकी चारांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो दिवस मोकळा ठेवलेला बरा.

तक्रार, कायदा आणि कागद

प्रवासविमा आजारपण, सामान हरवणे, प्रवास रद्द होणे अशा गोष्टींसाठी असतो. अपेक्षाभंगाची भरपाई तो करीत नाही. परंतु कबूल केलेली सेवा न देणे हा अपेक्षाभंग नसून सेवेतील त्रुटी आहे, आणि तिला कायदा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याने ग्राहकास दिलेली एक मोठी सोय म्हणजे, तो जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी शिरूर-दौंडच्या ग्राहकाला पुण्यात दाद मागता येते. मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. ती ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास पुष्कळदा कंपनीशी परस्पर तडजोड होऊन जाते.

मात्र आयोगापुढे आठवण चालत नाही, कागद लागतो. छापील कार्यक्रम, पावती, एजंटाशी झालेला पत्रव्यवहार हे मूळ दप्तर. प्रत्यक्ष दिवशी बस किती वाजता निघाली, कोठे किती वेळ थांबली, काय वगळले, हे मोबाइलवर जागच्या जागी टिपावे. छायाचित्रावर वेळ आपोआप नोंदली जाते. त्याच संध्याकाळी टूर मॅनेजरला सौम्य शब्दांत संदेश पाठवावा. परत आल्यावर महिन्याने केलेल्या गाऱ्हाण्यापेक्षा त्याच दिवशीच्या चार ओळींना वजन असते, आणि पुष्कळदा उरलेल्या सहलीत सुधारणाही होते.

पैसे कसे दिले यालाही महत्त्व आहे. दिनसहल तेथेच घेतली असेल आणि रक्कम क्रेडिट कार्डाने दिली असेल, तर सेवा मिळालीच नाही अशा प्रसंगी कार्ड देणाऱ्या बँकेकडे मुदतीत हरकत नोंदविता येते. रोख दिलेल्या पैशाला ही सोय नाही. कार्ड वापरताना यंत्रावर “रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात?” असा प्रश्न आला तर स्थानिक चलन निवडावे. रुपयांत रूपांतर करणारा विक्रेत्याकडचा दर बहुधा महाग पडतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून विक्रेता मूळस्थानी कर गोळा करतो. त्याचे दर आणि मर्यादा नंतर बदलत गेल्या आहेत, म्हणून नोंदणीच्या वेळचा दर विचारून घ्यावा. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला आयकर आहे. आपल्या पॅनवर जमा झाल्याचे तपासून विवरणपत्रात त्याची वजावट घ्यावी. ही रक्कम किमतीत मिसळून दाखविणाऱ्या एजंटाकडून वेगळा हिशेब मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

संकोचाची किंमत

एवढे सगळे ठाऊक असूनही तालुक्याच्या गावी तक्रार होत नाही, याचे कारण कायद्यात नाही, नात्यात आहे. एजंट हा परका नसतो. तो आपल्याच दुकानाचा गिऱ्हाईक असतो, मेहुण्याचा मित्र असतो, कधी साधर्मिक बंधू असतो. त्याला बोलायचे कसे? शिवाय लाखो रुपये खर्चून परदेशी गेलेल्याने “दिवस वाया गेला” म्हणणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे, असाही एक संकोच असतो. मग सर्वांना छायाचित्रे दाखविली जातात.

त्या संकोचाची किंमत पुढचा देतो. वास्तविक गावच्या एजंटालाही खरी माहिती हवी असते. वरच्या कंपनीशी भांडण्यासाठी त्याच्या हाती दुसरे काय असते? उधारीच्या वसुलीसाठी नाते न तोडता बोलण्याची कला ज्या पेठेला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे, त्या पेठेला हेही जमावे. “तुमच्यावर राग नाही, पण बाथला पंचावन्न मिनिटेच मिळाली आणि आईंना जेवण मिळाले नाही, हे वर कळवा, आणि पुढच्यांना आधी सांगा.” एवढे पुरते.

आपल्या परंपरेत समूहाने प्रवास करण्याची रीत फार जुनी आहे. संघ काढणाऱ्या संघपतीकडे खर्चाबरोबर जबाबदारीही असे. यात्रेकरूंची सुरक्षितता, भोजन, विश्रांती आणि नियमपालन यांचा भार त्याच्यावर. गुजरातचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल यांची नावे मंदिरांइतकीच त्यांनी काढलेल्या संघांसाठीही घेतली जातात. आजच्या कुटुंबाच्या सहलीत ही जागा कोणाची, हे निघण्याआधी ठरवावे. टूर मॅनेजर चाळीस जणांचा असतो. घरातील आजींचा कोणी एक असावा लागतो.

दुसरा एक दिवस

परदेशातला प्रत्येक दिवस भरलाच पाहिजे, असे नाही. ज्येष्ठांना पाच दिवसांच्या धावपळीत एक दिवस हॉटेलजवळच्या बागेत, सामायिक करीत, नातवंडांशी बोलत घालविता आला तर तो वाया गेला असे त्या म्हणत नाहीत. आणि बाहेर जावयाचेच असेल तर स्वतः आखलेला छोटा दिवस पुष्कळदा सरस ठरतो.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून लेस्टरला आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. स्थानकाबाहेर थॉमस कुकचा पुतळा उभा आहे. तेथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन सेंटर आहे. पूर्वीच्या एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या इमारतीत उभारलेल्या या मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. श्वेतांबर आणि दिगंबर मूर्ती, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र यांच्या अनुयायांसाठी दालन, हे सर्व एकाच छपराखाली आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ विल्रेक येथे हिरे व्यापारी समाजाने संगमरवरी जिनालय उभारले आहे. जपानमध्ये कोबे येथेही आहे. दर्शनाच्या वेळा आणि भोजनाची सोय आधी फोनवर विचारून जावे. पायी चालणे थोडे, घाई नाही, आणि आहाराची अडचण समजून घेणारी माणसे भेटण्याचा संभव पुष्कळ.

अशा दिवसासाठी बस नको, गाईड नको. परतीच्या गाडीची वेळ, त्या दिवशीचा सूर्यास्त आणि पिशवीतला डबा, एवढे मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.